मॅट्रिकला आम्ही तिघं, घाम गावाला

आमच्या घरात परीक्षेचे किस्से सांगायला मुहूर्त लागत नाही. मार्च उजाडला, नातवंडांनी पुस्तकं काढली, सुनेच्या कपाळावर ती ठरावीक आठी आली, की कुणीतरी म्हणतंच, "आजी, तुमच्या वेळचं सांगा ना!" एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा. मालगाडीच्या डब्यांसारखं. माझ्या वडिलांची सगळी नोकरी मालगाडीचे डबे इकडून तिकडे करण्यात गेली, तेव्हा हे माझ्या रक्तातच असणार!

तर ऐका. लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आम्ही पुणतांब्याला. वडील, म्हणजे आबा, स्टेशनात सांधेवाले. रूळ बदलायचे, केबिनमधला दांडा ओढून गाडीला वाट द्यायला सिग्नल पाडायचा, गाडी पुढं गेली की वर घ्यायचा, हे त्यांचं काम. गावातून मॅट्रिकला त्या साली आम्ही तिघंच: मी, बांगड्यावाल्या इब्राहिमचाचांचा सलीम, आणि गंगाकाठच्या मळ्यातल्या सगुणामावशींचा गंगाधर. हायस्कूल आता ज्याला श्रीरामपूर म्हणतात तिथं. रोज आगगाडीनं जायचं नि यायचं.

मुलीनं मॅट्रिकला बसायचं म्हणजे तेव्हा अख्ख्या भावकीला पोटदुखी. कोपरगावचे थोरले काका आमच्याकडे येऊन अट घालून गेले. "एकदाच बसू दे तिला. पास झाली तर पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घाल, मी आडवा येणार नाही. नापास झाली तर नांदगावचं स्थळ पक्कं. मग रडायचं नाही."

आबांनी मान हलवली. मी दाराआड उभी होते. आणि माझा भूगोल तर तेव्हा फार कच्चा होता!

* * *

आबांना अक्षरओळख नव्हती. पण माझा अभ्यास घ्यायचे तेच! दुपारी गाड्यांची वर्दळ कमी असायची, तेव्हा मी केबिनच्या पायरीवर बसून मोठ्यानं धडे म्हणायची. इंग्रजी असो, इतिहास असो, आबा वर दांडे पुसता पुसता ऐकत. मधेच वरून आवाज यायचा, "अडखळलीस. मागं घे."

"आबा, तुम्हाला इंग्रजी कळतं का?"

"इंग्रजी न्हाई कळत. अडखळलेलं कळतं. मागं घे."

मी मागं घ्यायची. न अडखळता धडा पार पडला की वरून काहीच यायचं नाही. मी डोकावून बघितलं तर आबा स्टुलावर बसून डुलकी काढतायत! आई रागवायची, तर म्हणाले, "अगं, तिला पाठ झालं म्हणून तर झोप लागली."

तेव्हापासून घरात तेच माप झालं. आई विचारायची, "भूगोल झाला का गं?" मी सांगायची, "नाही अजून. आबा जागेच आहेत."

* * *

आबा तसे मऊ, पण सिग्नलच्या बाबतीत देवालाही भीक घालायचे नाहीत. गावचे पाटील एकदा नव्या जावयाला घेऊन स्टेशन दाखवायला आले. जावई मुंबईचा, डोक्याला फेल्ट हॅट. पाटील खालूनच ओरडले, "अरे, जावईबापूंना सिग्नल पाडून दाखव की एकदा!"

आबा वरून म्हणाले, "गाडी न्हाई आता, पाटील."

"गाडी नसू दे. गंमत म्हणून पाड."

"गाडी आली तर पडतो तो. जावयासाठी न्हाई पडत."

जावई हसला, पण पाटलांचं तोंड एवढंसं झालं. पुढं वर्षभर ते आबांशी बोलले नाहीत. आबांना त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

* * *

परीक्षेचं सेंटर नगरला. आबांना रजा मिळेना. आईच्या कडेवर धाकटं. मग माझं काय? सगुणामावशी पदर खोचून उभ्या राहिल्या. "माज्या गंगाधरासंगं हिलाबी नेते. दोन भाकरी थापायच्या तिथं चार थापीन. त्यात काय हाय?"

आज हे सांगताना सुद्धा डोळे भरून येतात. नात्यागोत्याची बाई नव्हे ती, मळ्यातली कामं टाकून माझ्यासाठी परगावी धर्मशाळेत राहायला निघाली होती.

पण मावशींचं सामान! पीठ, डाळ, शेवया, पाटा, वरवंटा! गंगाधर लाजेनं लाल. "आई, नगरला काय दगड मिळत न्हाईत का?" वर आणि तोंडाला फडकं बांधलेली पाण्यानं भरलेली तांब्याची घागर. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मावशींचं म्हणणं, परगावचं पाणी बाधतं, आणि परीक्षेत पोरांना बाधलं तर?

राहुरीला टी.सी. चढला. चांगला जाडजूड मिशीवाला. घागरीला बूट लागला तसा खेकसला, "हे काय आहे?"

"गंगा हाय," मावशी म्हणाल्या.

"हे सामान ब्रेकव्हॅनमध्ये टाकायचं असतं!"

"गंगेला कुठं टाकू रं बाबा? पोरं मॅट्रिकला बसल्यात. त्येंच्यासाठी हाय."

टी.सी. बाकाच्या कडेला बसला, टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "बाई, यातलं तांब्याभर मला द्याल का? माझापण मुलगा बसलाय यंदा."

मावशींनी दिलं. उतरताना त्यानं आम्हा तिघांचे नंबर आपल्या मुलाच्या नंबराखाली टिपून घेतले. "नगरला निकालाचा पेपर आधी येतो. मी रेल्वेच्या तारेवरून तुमच्या स्टेशनला कळवतो. कुठं बोलू नका मात्र!"

मावशींनी हे धर्मशाळेत पोचेपर्यंत चौघांना सांगितलं होतं.

* * *

चाचा आणि सलीम आमच्याच गाडीनं आले आणि चाचांच्या मेहुण्याकडे उतरले. पण पेपरच्या दिवशी सकाळी दोघं धर्मशाळेच्या दारात हजर! मावशी तिघांच्या तळहातावर दही-साखर घालायच्या. सलीमचा हात आधी पुढं! मग चाचा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि आम्हा तिघांच्या डोक्यावर फुंकर घालायचे. मावशींनी पहिल्या दिवशी डोक्यावरचा पदर सावरला आणि आपणही डोकं पुढं केलं. "माज्याबी डोक्यावर घाला, भाऊ. जीव नुसता पाखरागत झालाय."

गणिताच्या दिवशी गंगाधर म्हणाला, "चाचा, आज दोनदा फुंका."

चाचांनी दोनदा फुंकर घातली आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "फुंकर माझी, बेटा. आकडेमोड तुझी!"

* * *

आम्ही आत पेपर लिहायला आणि बाहेर लिंबाखाली सगळ्या गावांची आई-बापं. चाचांना नुसतं बसणं ठाऊक नव्हतं. त्यांनी बांगड्यांची पेटी उघडली. बघता बघता चार बाया भोवती जमल्या. मनं कुठं तरी गुंतवायला हवीत ना! राहुरीची, वांबोरीची, पारनेरची, सगळ्यांनी हात पुढं केले. दुपारपर्यंत लिंबाखाली हिरवा चुडा नसलेली आई शोधून सापडली नसती.

दुसऱ्या दिवशी गणित. मधली घंटा झाली तसं आतून एक मुलगा रडत बाहेर आला. बायांनी मुठी आवळल्या. कुणी कपाळाला हात लावला, कुणी मांडीवर मारला. शेवटची घंटा होईतो जमिनीवर काचांचा सडा!

आम्ही बाहेर आलो तर चाचा उकिडवे बसून काचा वेचत होते, पोरांच्या पायाला लागतील म्हणून. सलीमनं विचारलं, "अब्बा, काय झालं?"

चाचा म्हणाले, "पेपर तुमचा अवघड, आणि फुटला माझा माल!"

मला त्या दिवशी गणित बरं गेलं होतं. पण ते वाकलेले, काचा वेचणारे चाचा बघून मला रडूच फुटलं. चाचांना वाटलं पेपर बिघडला. त्यांनी घाईघाईनं आणखी एक फुंकर घातली.

* * *

इंग्रजीच्या पेपरला गंगाधर पार खचला. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा. मावशी म्हणाल्या, "रडतुस कशाला? लिवलंस ना? आपलं काम पेरायचं. उगवायचं ते उगवंल."

"आई, पेरलंच न्हाई गं! निम्मं रान मोकळं सोडून आलोय."

मावशींनी त्याचा दंड धरला. "मग त्यात गुरं चरतील. चल जेवायला, भाकरी निवाय लागली."

गंगाधर त्या साली खरंच इंग्रजीत गेला. मावशींनी एका शब्दानं बोल लावला नाही. पुढच्या मार्चला पुन्हा पाटा-वरवंटा बांधला आणि नगरची गाडी धरली. तेव्हा तो सुटला. पुढं तालुक्याच्या शाळेत हेडमास्तर झाला, आणि विषय कुठला शिकवायचा म्हणाल? इंग्रजी!

* * *

आबांना शेवटपर्यंत रजा मिळाली नाही. पण रोज संध्याकाळच्या पॅसेंजरचा गार्ड धर्मशाळेत यायचा. पांढराशुभ्र कोट, काखेत झेंड्या, हातात फडक्यात बांधलेले आईच्या हातचे लाडू. सगळी धर्मशाळा उठून उभी राहायची. साहेब आला म्हणून!

एकदा मी विचारलं, "आबांचा काही निरोप?"

गार्ड म्हणाला, "निरोप काही नाही. पण पोरी, तुझा बाप झोपत नाही गं आजकाल. स्टेशनात सगळे म्हणतात, हिचा भूगोल झाला नाही अजून."

भूगोलाचा पेपर दुसऱ्या दिवशी होता. त्या संध्याकाळी मी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून भूगोल म्हटला, न अडखळता, मोठ्यानं. इतका मोठ्यानं की मावशी म्हणाल्या, "पुणतांब्याला ऐकू जायचंय का बाई?"

जायचंच होतं.

* * *

जूनमध्ये निकाल. पेपर आमच्या गावात यायचा संध्याकाळच्या गाडीनं. काका सकाळीच येऊन बसले होते, एकटे नव्हे, नांदगावच्या मुलाच्या मामांना घेऊन! "निकाल कळला की इथंच सुपारी फोडू," म्हणाले. जणू माझं नापास होणं वर्तमानपत्रात छापून आलंच होतं. आई पोहे परतत होती. आबा ड्यूटीवर. मी कोपऱ्यात, अंगावर नवं लुगडं. कशासाठी नेसवलंय ते मला आणि आईला दोघींनाही ठाऊक होतं.

आमच्या रेल्वेच्या खोलीमागून सिग्नलची तार जायची. आबांनी केबिनमध्ये दांडा ओढला की ती तार चाकांवरून खर्रकन सरकायची. तो आवाज झाला की आई न बघता गाडीचं नाव सांगायची.

दुपार कलली होती. तार खर्रकन वाजली.

आईचा झारा थांबला. "ह्या वक्ताला कुठली गाडी?"

काका म्हणाले, "लष्कराची स्पेशल असेल. लढाई चालू आहे."

आम्ही कान देऊन बसलो. शिट्टी नाही, धडधड नाही. आई दारात गेली. "सिग्नल पडलाय," ती म्हणाली, "आन् गाडी न्हाई."

मी लुगडं सावरत पळत सुटले. तिकडून स्टेशनमास्तर जेवणावरून उठून, उष्ट्या हातानं, रुळावरून केबिनकडे धावत होते. तारबाबू त्याच्या खिडकीतून अर्धा बाहेर लोंबून दोन्ही हात हलवत होता. मी केबिनच्या माझ्या त्या पायरीशी पोचले, तोवर मास्तर वर चढलेच होते. आबा दांडा धरून ताठ उभे. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पुसायला हात मोकळा नाही.

मास्तर कडाडले, "शुद्धीवर आहेस का? कुठल्या गाडीला सिग्नल दिलास?"

"आमच्या कुसुमला, साहेब. नगरहून तार आली. मॅट्रिक झाली ती."

मास्तरांनी वळून खाली माझ्याकडे बघितलं. मग रुळाच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. आवाज एकदम खाली आला.

"पुढं गेली का?"

"व्हय साहेब. पुढं गेली."

"मग घे वर सिग्नल."