चेहरा न पुसणारा कॅमेरा

इतरांचा राग येतो आणि जातो. माझ्या आत्याचा राग मात्र मुक्कामालाच आलेला असायचा. त्या वर्षी तर तो घर करून बसला, आणि त्याला कारणही तसंच होतं.

आत्या एका फोटो स्टुडिओत काउंटरवर होती. नावाला पावत्या फाडायच्या, पण गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तिलाच आत हाक पडायची. हनुवटी जरा खाली, खांदे सैल, रडणाऱ्या पोराला हसवणं, सगळं तिनं करायचं. मग मालक पुढे येऊन बटण दाबायचे. कॅमेऱ्याला हात लावायची तिला मुभा नव्हती. "बायकांच्या हातून पडतो," असं मालक म्हणायचे. आजवर तो पडला होता तो त्यांच्याच हातून.

मग माझी आजी, म्हणजे आत्याची आई, गेली. तिचा एकच धड फोटो होता, तोही मालकांनी स्टुडिओत काढलेला. त्यांनी तो मोठा करून, फ्रेम लावून स्वतः घरी आणून दिला. आत्यानं कागद सोडवला आणि बघतच राहिली. आजीच्या कपाळावरच्या आठ्या गायब होत्या. रंग उजळला होता. आणि गालावरचा भाजल्याचा डाग नव्हता. आत्या लहान असताना स्टोव्हचा भडका उडाला, तेव्हा तिला मागे ओढताना आजीचा गाल पोळला होता.

"कोण आहे ही?" आत्यानं विचारलं.

"तुमच्या आई. जरा साफ केलंय."

"साफ? ती काय फरशी होती?"

"अहो, सगळ्यांना असंच आवडतं."

"मूळ फोटो द्या."

"तो नाही ठेवत आम्ही. जागा खातो."

आत्या फ्रेम त्यांच्या हातात कोंबून म्हणाली, "घेऊन जा. आणि उद्यापासून मी येत नाही."

"मग करणार काय?"

"फोटो काढणार. माणसांचे."

साठवलेले पैसे घेऊन ती कॅमेऱ्याच्या दुकानात निघाली. आतोबा आणि मी सोबत होतो. आतोबा पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. कॅमेऱ्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी विक्रेता बोलत होता तो त्यांच्याशीच.

"सर, हा घ्या. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षीसुद्धा जवळ येतो."

"मला पक्षी नकोत," आत्या म्हणाली. "समोर बसलेली माणसं काढायचीत."

"सर, वहिनींना हौस दिसतेय."

आतोबांनी गंभीरपणे विचारलं, "मेगापिक्सेल किती?"

झालं. आत्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. "तुम्ही गप्प बसा हो! आणि तुम्ही, कॅमेरा मला घ्यायचाय. माझ्याकडे बघून बोला."

सगळं दुकान वळून बघायला लागलं. आत्यानं दारावरच्या वॉचमनला आत बोलावलं आणि काचेजवळ खुर्चीवर बसवलं. काळासावळा माणूस, गालभर देवीचे व्रण. नव्याकोऱ्या कॅमेऱ्यानं तिनं त्याचा फोटो काढला. पडद्यावर गाल गुळगुळीत आणि राखेसारखा दिसला.

"याचा चेहरा कुणी धुतला?"

"मॅडम, ती सोय आधीच चालू असते. गिऱ्हाइकाला..."

"आवडतं. माहितेय. बंद करा."

बंद कुठून होतं हे त्यालाही लवकर सापडेना. झालं एकदाचं, पण मग दुसरीच अडचण निघाली. जवळून काढलं की नाक मोठं दिसायचं, आणि आतल्या बाजूच्या अंधुक उजेडात सगळं हललेलं यायचं. "याला वेगळी लेन्स लागेल," विक्रेता म्हणाला. दोन्ही घेण्याइतकी आत्याची ऐपत नव्हती.

शेवटी त्यानं खालच्या कपाटातून कुणीतरी वापरून परत दिलेला कॅमेरा काढला. मुठीचं रबर झिजलेलं. लेन्स चांगली, पण तिच्यात पुढे-मागे काही होत नव्हतं. माणूस जवळ हवा असेल तर आपणच पुढे सरकायचं. आत्या सरकली, थांबली, बटण दाबलं. या वेळी डोळे लख्ख आले आणि गालावरचा खड्डा न् खड्डा.

वॉचमननं तोंड वाकडं केलं. "खड्डे फार दिसतायत, ताई."

आत्या त्याच्यावरही उखडणार, असं मला वाटलं. पण तिनं त्याची खुर्ची काचेकडे वळवली, हनुवटी जरा वर करायला लावली आणि पुन्हा फोटो काढला. व्रण होते तिथेच होते, पण उजेड आता समोरून पडत होता.

"हा फोटो चालेल," तो म्हणाला.

तोच कॅमेरा घेतला. आतोबा घरी पोचेपर्यंत फुगले होते. "सेकंडहँड घेतलास. लोक काय म्हणतील?"

"लोकांचे फोटो काढायचेत मला. कॅमेऱ्याचा नाही."

पुढच्या खोलीत धंदा सुरू झाला. रोज सकाळी खाट उभी करून भिंतीला लावायची आणि खिडकीसमोर पांढरी चादर ताणायची. बाहेर पाटी होती: फोटो काढून मिळतील, चेहरे बदलून मिळणार नाहीत. निम्मी गिऱ्हाइकं पाटी वाचूनच परत फिरायची. एके दिवशी आतोबांनी गुपचूप खालच्या ओळीवर रंग फासला. आत्यानं ती दुप्पट मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिली आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यानंतर पाटीला कुणी हात लावला नाही.

धंदा फार चालला असं नाही, पण टिकला. एकदा एका बस ड्रायव्हरचं सगळं कुटुंब आलं आणि ऐन वेळी कॅमेऱ्यानं दगा दिला, बटण दाबलं तरी आत काही हलेना. आत्या कॅमेऱ्यावर ओरडली, माझ्यावर ओरडली, तो विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. मंडळींना परत पाठवावं लागलं. दुरुस्ती झाल्यावर तीच मंडळी पुन्हा आली, तीच भांडणं करत, मधे कोण बसणार यावरून.

ड्रायव्हरची म्हातारी आई बसता बसता भीत भीत म्हणाली, "बाई, आज रागवू नका हं."

"फोटो काढताना नाही रागवत मी," आत्या म्हणाली. "काढून झाल्यावर बघू."

सगळे हसले आणि त्याच वेळी तिनं बटण दाबलं.