भाऊबीजेला ऐकायचा अल्बम

भाऊबीजेला ओवाळून झालं की दादा आणि मी मेटल ऐकतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे टाळांची भजनं का? भजनं नव्हेत. गळा फाडून ओरडणारा गायक, कानात करवत चालवणारी गिटार आणि ड्रमवर बसलेला एक माणूस, ज्याचे हात दिसतच नाहीत. मी शाळेत असताना दादाने अशा एका बँडची सीडी कुणाकडून तरी कॉपी करून आणली होती. आई म्हणाली, "हे गाणं हाये का कोणाले मारून राह्यले?" तेव्हापासून आम्ही दोघं त्या बँडचे.

आमचा नियम एकच. नवा अल्बम आला की पहिल्यांदा तो भाऊबीजेलाच ऐकायचा, दोघांनी मिळून, दादाच्या सेटवर. त्याआधी चोरून ऐकणं म्हणजे नैवेद्य उष्टा करणं. लग्नानंतर मी वाशीमला आले, शाळेत गणित शिकवायला लागले, दादाने मंगरूळपीरला लग्नाकार्याचा साउंडचा धंदा टाकला, पण नियम टिकला.

यंदा मी तो मोडला. कितीतरी वर्षांनी अल्बम आला होता, तोही ऐन नवरात्रात, आणि दिवाळी लांब होती. दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये पदराखाली इअरफोन लपवून मी सगळा अल्बम ऐकून टाकला. आता मत सांगायचं कुणाला? दादाला सांगता येत नव्हतं. म्हणून असलं संगीत ऐकणाऱ्या मराठी लोकांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये खोट्या नावाने शिरले.

तिथे नुसता गदारोळ चालला होता. तरणी पोरं म्हणत होती, म्हातारे थकले, आता घरी बसा. जुने लोक म्हणत होते, तुमच्या जन्माआधीपासून हे वाजवतायत, जरा मान ठेवा. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: ड्रमच्या झांजा फार झाल्यात. "भांडी घासल्यासारख्या वाजतात," असं एकाने लिहिलं आणि ते वाक्य सगळ्यांनी उचललं. माझंही तेच मत होतं.

आणि तेवढ्यात एका शहाण्याने लिहिलं, "या वेळी झांजा गायब आहेत. अजून कुणाला असं वाटलं का?"

माझं डोकंच फिरलं. वर्गात एखाद्याने सात आठे छत्तीस म्हटलं की फिरतं तसं. मी लिहिलं, "काका, झांजा नाही, कान गायब आहेत. तपासून घ्या, नाहीतर भजनं ऐका." लोक खूप हसले. शाळेत दोन तासिकांच्या मधे मी फोन उघडून ते हसणं पुन्हा पुन्हा बघत होते. इतकी खूश होते मी स्वतःवर. त्या माणसाने उत्तर दिलं नाही.

भाऊबीजेला सकाळच्या एसटीने मंगरूळपीरला गेले. ओवाळलं. दादा सेट जोडायला मागच्या शेडमध्ये गेला तशी वहिनीने मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ताई, तुमी तरी बोला त्यायले. उन्हाळ्यात रिसोडच्या लग्नात लोकायनं सेट बंद करायले लावला. लेकरं कान झाकून रडत होते म्हणे. हे त्यायच्याशीच भांडले. मंग बारीक आवाजाचे सारे हॉर्न बदलले, तरी तसंच. आता तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होते. अजून एक लग्न बिघडलं तर कोणी बलावणार नाही आपल्याले."

मला ते पटलं नाही. दादाच्या कानावर अख्खा धंदा उभा होता. सेट लावला की तो एक गाणं सोडायचा, मंडपातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत चालत जायचा, तिथे डोळे मिटून उभा राहायचा आणि परत येऊन मिक्सरची दोन बटणं हलवायचा. झालं काम. वरातीत मात्र तो गाडीवर सेटच्या पुढ्यातच बसायचा, चार-चार तास. मी एकदा कानात कापूस घाल म्हटलं तर म्हणाला, "हलवाई नाक बांधून बसते काय?"

शेडमध्ये गेले. मी पहिल्यांदाच ऐकत असल्याचा चेहरा केला आणि फोनवरून अल्बम सुरू केला. पहिलं गाणं संपलं. दादा मान हलवत म्हणाला, "झांजा लय झाल्या, बाई. भांडे घासल्यावानी वाजून राह्यल्या."

ग्रुपमधलं वाक्य, जसंच्या तसं. म्हणजे हाही तिथे होता! चोर सापडला म्हणून मी टाळी वाजवणार होते, पण मग माझीही चोरी उघडी पडली असती. आता आणखी काय काय पाठ करून आलाय ते बघू म्हणून मी चौथं गाणं लावलं. ते सुरू होतं तेव्हा अर्धा मिनिट फक्त एक झांज वाजते, अगदी हलक्या हाताने. गिटार नंतर येते.

झांज वाजू लागली. दादा स्पीकरकडे बघत बसला होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लाव ना," तो म्हणाला. "कायची वाट पाहून राह्यली?"

मुलांना एका मार्कासाठी फाडून खाणारी मी, नुसता फोनचा आवाज वाढवत राहिले. तेवढ्यात गिटार आली आणि दादा डोलायला लागला. तसंच चालू द्यावं असं मला फार वाटलं. मग वहिनीचा चेहरा आठवला आणि मी गाणं थांबवलं.

"दादा, ते सुरूच होतं. आधीपासून. झांज वाजत होती."

"हॉर्न गेला असन," तो ताडकन उठला. जाळी काढली, वायर हलवली, मला गाणं पुन्हा लावायला सांगितलं आणि थेट हॉर्नलाच कान लावला. झांज इतकी तीक्ष्ण वाजत होती की मी दोन पावलं मागे सरले. तो तसाच वाकून राहिला. गिटार येईपर्यंत हलला नाही.

मग खाली बसला. "म्हणजे तो म्हातारा ड्रमवाला बरोबर वाजवून राह्यला," तो म्हणाला. "ग्रुपवर एकानं सांगतलंच होतं मले. कान गायब. लय हासले लोकं."

खोटं बोलायची सोय होती, खोटं नाव होतंच. पण बोलले, "दादा, ते मी लिहिलं होतं."

त्याने मान वर केली. "तू कधी आयकला?"

"दुसऱ्याच दिवशी."

"नेम मोडला तू."

"तूही मोडलास."

"म्या काहून मोडला, ठाऊक हाये?" त्याचा आवाज खाली आला. "तुह्यासमोर पयल्यांदा आयकला असता तर तुले समजलं असतं. म्हणून लोकं काय म्हणते ते वाचून ठेवलं."

मी रडले. मला शरम वाटली आणि त्याचा रागही आला, इतके दिवस एकटाच हॉर्न बदलत बसला म्हणून. "उद्या माझ्यासोबत वाशीमला चल," मी म्हटलं, "कानाच्या डॉक्टरकडे."

"गेलेल्या झांजा डॉक्टर वापस आणते काय?"

"माहीत नाही."

त्याने नाक पुसलं. "बरं, येतो. आता ते गाणं सुरुवातीपासून लाव. झांज वाजली की बोट वर कर."

मी गाणं लावलं. सुरुवातीला सोपं होतं, एक ठोका, एक बोट. मग तो ड्रमवाला सुटला. माझं बोट मागे पडू लागलं, मी सगळा हात हलवू लागले, मग दोन्ही हात. दादा स्पीकरकडे बघतच नव्हता. तो माझ्या हातांकडे बघत होता.

"इतक्या?" तो म्हणाला.