कोऱ्या पानावरच्या सह्या

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते एक प्रकरण मनातून जात नाही.

तेव्हा मी हिंगोली जिल्ह्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिरड शहापूरच्या बाजूला संध्याकाळच्या गस्तीवर गेलो, की मेंढपाळांच्या मुलींच्या वसतिगृहातून पाढे ऐकू यायचे. मी जीप हळू घ्यायला सांगायचो. तो आवाज ऐकायची अजून फार ओढ लागते.

एका सकाळी ते वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या एक विश्वस्त बाई ठाण्यात आल्या. घरची मेंढरं, नात त्याच वसतिगृहात. वसतिगृह बंद करून इमारत मंगल कार्यालयाला द्यायचा ठराव झाला होता. खाली सातही विश्वस्तांच्या सह्या.

"सही माझीच हाय, साहेब. पर म्या असं म्हटलंच न्हाई."

सही तुमची, मग तक्रार कसली, असं म्हणून मी त्यांना जवळजवळ वाटेला लावलं होतं. त्या मात्र बाकावरून हलेनात. शेवटी जबाब नोंदवून घेतला आणि इतिवृत्ताचं रजिस्टर पंचनामा करून जप्त केलं.

ठरावाच्या वरच्या ओळी ऐसपैस होत्या. खाली येता येता अक्षरं मुंगीएवढी झाली होती. म्हणजे सह्या आधी, ठराव नंतर.

संस्थेच्या लिपिकाला समोर बसवलं. अर्धा तास त्याने इकडचं तिकडचं सांगितलं. मी रजिस्टर उघडून ते पान पुढे सरकवलं, तसा तो ढसाढसा रडला.

"अध्यक्षसाहेबांनी पाठवलं, साहेब. कोरं पान घेऊन घरोघर फिरलो. कुणी काहून म्हणून विचारलं न्हाई."

तुम्ही तरी का नाही विचारलं, असं मी बाईंना म्हटलं. "मोठ्या माणसाला काहून विचारायचं? वाईट दिसतं," त्या म्हणाल्या.

गुन्हा दाखल झाला. धर्मादाय कार्यालयाने ठराव रद्द करायला वर्ष घेतलं, तोवर वसतिगृहाला कुलूपच होतं. वसतिगृह पुन्हा उघडलं त्या दिवशी मी गेलो. बाईंची नात आली नव्हती. मधल्या काळात ती आई-बापासोबत मेंढरांमागे लांब निघून गेली होती.

"इमारत वापस भेटली, साहेब. पोरगी न्हाई भेटली," बाई म्हणाल्या.

विश्वस्त भला असून भागत नाही, तो विचारणारा लागतो, हे मी तिथे शिकलो. आज एका वाचनालयाच्या मंडळावर आहे. सभेत ठराव मोठ्याने वाचल्याशिवाय सही करत नाही. लोक खवट म्हातारा म्हणतात. म्हणोत बापडे. रस्त्याने मेंढरांचा कळप दिसला, की मी अजून थांबतो आणि त्या मुलीची चौकशी करतो.