डॉक्टरीणबाईंच्या गाडीतलं जुनं बुश

बाईंचा पाय क्लचवर पूर्ण दाबलेला होता. शेजारच्या सीटवरून मला तो दिसत होता. तरी गाडी पुढेच सरकत होती. समोर, रुळांच्या पलीकडे, धानाने भरलेले कट्टे लादलेली बैलबंडी आडवी झाली होती. बाईंनी जोरात ब्रेक मारला. दोन आचके देऊन इंजिन बंद पडलं. पुढची चाकं रुळांच्या पलीकडे, मागची अलीकडे. गाडी बरोबर रुळांवर.

सालेकशाहून गोंदियाकडे येतानाचं ते रेल्वे फाटक. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मी गोंदियाच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. डॉक्टरीणबाई मूळच्या नागपूरच्या. गोंदियात त्यांचा दवाखाना होता, आणि आठवड्यातून एकदा त्या स्वतः गाडी चालवत जंगलातल्या गावांत जात. त्या दिवशी मागच्या सीटवर बाळंतपणात अडलेली एक पोर होती. तिचं डोकं तिच्या आईच्या मांडीवर होतं.

मी सोबत का होतो, ते सांगतो. आदल्याच दिवशी मी त्या गाडीचा क्लच केला होता. इंजिनाची ताकद चाकांकडे जाते ती क्लच प्लेटमधून. पेडल दाबलं की प्लेट सुटते आणि इंजिन वेगळं फिरतं. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एवढं उघडलंच आहे तर दोन बेरिंगही बदलायची असतात. एक पेडलने सरकणारं, रिलीज बेरिंग. ते मी बदललं. दुसरं पायलट. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनाच्या बाजूला ज्यात टेकतं, ते. या गाडीत ते म्हणजे अंगठ्याएवढं पितळी बुश होतं. ते शाफ्टला चिकटलं की पेडल दाबून उपयोग नाही. इंजिन शाफ्टला सरळ धरूनच फिरवतं.

जुनं बुश एका बाजूने झिजलं होतं. पण निघेना. हूक घालून ओढलं, हूक सटकला. ठोकायला जागा नाही. गॅरेजातले माझे उस्ताद लग्नाला रायपूरला गेलेले. बाई दोनदा येऊन गेल्या. शेवटी मी त्यात ग्रीस भरलं आणि गिअरबॉक्स चढवला. नवं बुश ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

"दोन्ही बेरिंग बदललीत ना?" बाईंनी विचारलं.

"हो बाई."

"मग उद्या सोबत चला. नवं काम आहे, मिस्त्री बरोबर असलेला बरा."

सकाळी जाताना क्लच दाबला की बारीक चिरका आवाज यायचा. येताना गिअर खरडायला लागला. काय होतंय ते गाडीत मला एकट्यालाच कळत होतं. सांगावं, सांगावं म्हणता फाटक आलं.

फाटकवाला ओरडत आला. "काऊन थांबल्या जी बाई? मालगाडी येऊन राहिली ना!"

बाई गिअर न्यूट्रलला ओढत होत्या. मीही ओढला. चाक रुळाला अडलेलं, सगळा ताण गिअरवर. तो हलेना. फाटकवाल्याने लाल झेंडी घेतली आणि रुळांतून पळत सुटला. मागून पोरीची म्हातारी आई रडायला लागली. "माह्या पोरीले उतरवा जी! आधी तिले उतरवा!"

पोर कळांनी पिळवटलेली. त्या अरुंद दारातून तिला उचलून काढायला वेळ लागला असता. दूर शिट्टी वाजली.

मग एकदम सुचलं. "बाई, क्लच सोडा. गिअर तसाच राहू द्या. सेल्फ मारा!"

"क्लच सोडून?"

"हो! सेल्फच गाडी ढकलेल."

गिअर पडलेला असला आणि सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारला तर इंजिनासोबत चाकंही फिरतात. बॅटरीवर गाडी थोडी सरकते. मी मागे जाऊन खांदा लावला. म्हातारीही उतरून शेजारी आली. सेल्फ कण्हला. गाडी वीतभर सरकली. परत वीतभर. तिसऱ्यांदा मागचं चाक रुळावर चढलं आणि तिथेच थांबलं. सेल्फची नुसती घरघर. पायाखालची खडी थरथरत होती. मी मालगाडीकडे पाहिलं नाही. मला पाहवलंच नसतं.

चौथ्यांदा इंजिन सुरू झालं. गाडीने उडी मारली. मी तोंडावर पडलो. म्हातारीने माझी कॉलर धरून मला ओढलं, की मी तिला, ते आजही सांगता येत नाही. आम्ही दोघं पलीकडे होतो. बैलबंडी तोवर बाजूला झाली होती. मालगाडी ब्रेक घासत आली. तिचे चारपाच डबे फाटक ओलांडून गेले, तेव्हा ती थांबली.

बाईंनी चावी बंद केली होती. त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते.

मी म्हणालो, "बाई, एक बेरिंग जुनंच आहे."

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"भ्यालो होतो."

"कशाला?"

"काम जमलं नाही म्हणून तुम्ही हसाल, उस्ताद रागावतील."

म्हातारीला पुढे बसवून बाई मागे जाऊन बसल्या. पोरीचा हात हातात घेतला. "आता तुम्ही चालवा. दवाखान्यापर्यंत थांबायचं नाही."

गिअरमध्येच सेल्फ मारून गाडी उठवली. जिथे हळू व्हायचं तिथे नुसतं ॲक्सिलरेटर सोडायचं. प्रत्येक बंडी दिसली की लांबूनच हॉर्न दाबायचो. मागून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. मध्येच ते थांबलं, तेव्हा जास्त भीती वाटली. दवाखान्याच्या दारात ब्रेक मारून इंजिन बंद पाडलं. संध्याकाळी पोरीला मुलगी झाली. दोघी वाचल्या.

उस्ताद परतल्यावर मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. गिअरबॉक्स उतरवायला लावला. बुशाच्या भोकात ग्रीस ठासलं, त्यात बरोबर बसेल असा लोखंडी दांडा ठेवला आणि हातोडी मारली. ग्रीसला जायला जागा नसते, ते बुशाला मागून रेटतं. आठ-दहा ठोक्यांत बुश बाहेर आलं.

"नहीं निकल रहा था तो बोल देता," ते म्हणाले. "गाडी दो दिन खड़ी रहती."

बाईंनी गॅरेज बदललं नाही. फक्त त्यानंतर प्रत्येक कामाला त्या जुने पार्ट समोर मांडायला लावायच्या आणि एकेक मोजून घ्यायच्या. पुढे माझं स्वतःचं गॅरेज झालं. क्लच उघडला की मी दोन्ही बेरिंग बदलतो. गिऱ्हाईक म्हणालं, "चालते ते, राहू द्या," तर मी ती गाडी घेत नाही.