तिचे अठ्ठ्याऐंशी क्रेडिट

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या मॅडमनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "बघा, तुमच्या खात्यात काहीच नाहीये."

मी वाकून बघितलं. वर माझं नाव होतं, त्याखाली लांबलचक नंबर, आणि जमा क्रेडिटच्या पुढे एक गुबगुबीत शून्य. दोन वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकले होते. पहाटे उठून, चिखल तुडवत, टाकळा नि आघाडा उपटून आणून वडिलांच्या रद्दीत दाबून ठेवले होते. त्या सगळ्याचं शून्य? मला हसूच आलं. मी चिडले की आधी हसते, हे घरच्यांना माहीत आहे, त्या मॅडमना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, बाईला फारसं काही वाटलेलं नाही.

मुलगी बालवाडीत जायला लागली आणि सकाळचे तीन तास माझ्या हातात मोकळे आले, तेव्हाच मी ठरवलं होतं की राहिलेलं तिसरं वर्ष करायचं. पंचवटीतल्या आमच्या घरातून चालत जाता येईल असं कॉलेज होतं. आता पूर्वीसारखं नाही, सगळं सोपं झालंय, असं जो तो सांगत होता. विषय सुटला की त्याचे ठरलेले क्रेडिट मिळतात, ते सरकारच्या ऑनलाइन खात्यात जमा राहतात, मध्ये शिक्षण सुटलं किंवा कॉलेज बदललं तरी ते घेऊन पुढे जाता येतं. पहिल्या वर्षाचे चव्वेचाळीस, दुसऱ्याचे चव्वेचाळीस. माझे अठ्ठ्याऐंशी व्हायला हवे होते.

मॅडमनी नामपूरकडच्या माझ्या जुन्या कॉलेजला फोन लावला. बोलणं झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "क्रेडिट आहेत. पण ते दुसऱ्याच मुलीच्या नावाचे आहेत."

ती दुसरी मुलगी म्हणजे मीच.

आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनाव तर बदलतंच, कधी कधी पहिलं नावही बदलतात. माझ्या बाबतीत कारण अगदी घरगुती होतं. माझं आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंचं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील, हाक मारली की दोघी उठणार, असं सासूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. मीही हसले. ताटात तांदूळ पसरले होते, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव कोरलं, पेढे वाटले गेले. ते नाव मला आवडलंही होतं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हे मला आधी सांगून टाकायला हवं, कारण ही गोष्ट ऐकली की मैत्रिणी लगेच सासूबाईंवर घसरतात.

चूक झाली ती नंतर. कुठल्याशा केंद्रात, कुणाच्या तरी सहीच्या पत्रावर, माझं आधार नव्या नावाचं झालं. मग त्यावरून रेशनकार्ड, गॅस, मुलीचा जन्मदाखला, सगळं भराभर. नाव बदललं तर ते राजपत्रात छापून आणायचं असतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तांदळात लिहिलं, पेढे वाटले, झालं! दहावी-बारावीची आणि कॉलेजची मार्कशीटं माहेरी कपाटात होती, त्यांना कुणी काही कळवलंच नाही.

मॅडम तशा भल्या होत्या. त्यांनी हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश दिला आणि दिवाळीपर्यंत मुदत दिली. पण बजावलंही. "क्रेडिट सात वर्षं धरतात. तुमच्या पहिल्या वर्षाला यंदा सात होतील. यंदा नाही आणलेत तर चव्वेचाळीस बाद. मग पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल." पहिल्यापासून बसायला मला आता कोण देणार होतं? तिसऱ्या वर्षालाच घरात हो म्हणवून घेताना माझ्या नाकी नऊ आले होते.

त्या आठवड्यात मी नामपूरला जाणारी एसटी पकडली. खिडकीची जागा मिळाली आणि माझी तंद्री लागली. ही तंद्री माझी जुनी सवय. देवळा गाव मागे पडलं, सटाणा आलं, आणि मी त्या मुलीचा विचार करत होते. ती अजून तिथेच असेल, असं मला उगीच वाटायला लागलं. प्रयोगशाळेच्या तिसऱ्या टेबलाशी, सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून. आमच्याकडे कांद्याला काय तोटा, म्हणून पेशीविभाजनाचं प्रात्यक्षिक कांद्याच्या मुळांवर चालायचं. पाण्याच्या ग्लासवर कांदा ठेवायचा, पांढरी मुळं फुटली की टोक कापायचं, लाल रंगात बुडवून काचेवर दाबायचं. बाहेर बाजारात कांद्याचे ट्रॅक्टर उभे असायचे, लिलावाचा गलका खिडकीतून आत यायचा, आणि आत त्याच कांद्याच्या एका पेशीच्या दोन होताना मी बघत असायचे. आधी आतले धागे जाडसर होतात, मधोमध ओळीने उभे राहतात, मग अलगद दोन टोकांना सरकतात. मला ते बघताना सगळा गलका ऐकू येईनासा व्हायचा. सर म्हणायचे, "स्लाइड बघून झाली असेल तर जागी हो."

दुसरं वर्ष तर मी खरोखर स्वप्नातच काढलं. करोनामुळे सगळं बंद होतं. रेंज फक्त गच्चीवर यायची, म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मोबाइलवर तास ऐकायचे. सरांचा आवाज मध्येच जायचा आणि त्या रिकाम्या जागेत चिमण्या बोलायच्या. शेवाळाची प्रकरणं मला आजही चिमण्यांसकट आठवतात. दुसऱ्या वर्षाचा निकाल लागायच्या आधी माझं लग्न लागलं. निकाल कुणीतरी मोबाइलवर पाठवला होता, तेव्हा मी नव्या घरात पुरणाची कढई ढवळत होते. चांगले मार्क होते. मी फोन पालथा ठेवला आणि पुरण लागेल म्हणून ढवळत राहिले.

कॉलेजच्या ऑफिसबाहेर तोच लाकडी बाक होता. अर्ज आत दिला आणि बसले. दुपारची सुस्त वेळ, आतून पंख्याची घरघर, मैदानात कुणी नाही. पायरीशी भर उन्हात एक टाकळ्याचं रोप उभं होतं. त्याची पानं मोजत बसले. शिपाई दारात येऊन कुणाचं तरी नाव पुकारत होता. एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. कोण ही बाई, वेळेवर येत नाही आणि आमचा नंबर मागे टाकते, असं वाटून मला तिचा चक्क राग आला. तिसऱ्यांदा त्याने पुकारलं ते माझ्यासमोर उभं राहून. बाकावर माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

मी उठले. मला फार वाईट वाटलं. तिचे अठ्ठ्याऐंशी क्रेडिट मागायला आले होते आणि तिच्या नावाला ओ द्यायला मला जमलं नव्हतं.

आतले कारकून तेच होते, केस तेवढे पांढरे झालेले. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि अहिराणीत विचारलं, ती तूच ना. "तूच शे ना व ती, झाडपाला गोळा करनारी? इतला दिन कोठे व्हती?"

"नाशिकला असते, भाऊसाहेब."

"मंग तोंड सुकायला काय झालं? पानी पी." त्यांनी जुना प्रवेश अर्ज काढला, त्यावरची माझी सही दाखवली आणि कोरा कागद पुढे केला. "अशीच सही कर. ती जुळली तर माझ्याकडून तू तीच. मी कागद देतो. पन खात्यात जायला दोन्हीकडं एकच नाव लागतं. राजपत्र करनं पडी."

सहीला मात्र हात अडला नाही. शेवटचा फाटा वर नेऊन खाली वळवायचा, ते बोटांनी माझ्याआधीच करून टाकलं. भाऊसाहेबांनी दोन कागद शेजारी धरले आणि मान हलवली.

राजपत्राचा फॉर्म मी नाशिकला परतल्यावर उघडला. त्यात दोन रकाने होते. जुने नाव आणि नवीन नाव. सरळ काम होतं. माहेरचं जुन्यात, सासरचं नव्यात, मार्कशीटं हळूहळू नव्या नावाची करून घ्यायची. सेवा केंद्रातल्या माणसानेही तेच सुचवलं. वर म्हणाला, "उलटं करायचं असेल तर विचार करून करा ताई. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं. तुमचं एकदा झालंय. आता जे लिहाल ते कायमचं."

कायमचं म्हटल्यावर माझा हात थांबला. मला माझं नाव परत हवं होतं. बाकावर मी ओ दिली नव्हती, म्हणूनच जास्त हवं होतं. अजून पाच-सात वर्षं गेली असती तर ती मुलगी रस्त्यात भेटली असती तरी मी तिला ओळखलं नसतं.

नवऱ्याला सांगितलं. तो सिन्नरला कंपनीत जातो, आल्यावर चहा होईपर्यंत त्याच्याशी काही बोलायचं नसतं, म्हणून चहा झाल्यावर सांगितलं. त्याने फॉर्म दोनदा वाचला. "तांदळात मीच लिहिलं होतं," तो म्हणाला. त्याला लागलं होतं, दिसत होतं मला. थोड्या वेळाने म्हणाला, "मग मी हाक काय मारू?"

"तुम्ही सहा वर्षं 'अगं' म्हणताय. तेच म्हणा."

तो हसला, पण म्हणाला, "वहिनीला विचार आधी. नाव तिचं पण आहे."

ते खरंच होतं. जाऊबाई सिन्नरला असतात, मी त्यांना ताई म्हणते. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. घाबरतच सांगितलं की ताई, मी माझं जुनं नाव परत घेतेय, आपल्या दोघींचं एकच होईल, तुम्हाला चालेल ना?

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "घे की! मला काय इचारती? ते माझं थोडंच हाय."

"म्हणजे?"

"अगं, मला पन तांदळातच मिळालं ते. मी आले तेव्हा आपल्या सासूबाईंच्या नणंदंचं नि माझं एकच नाव निघालं, मंग माझं बदललं. तुला नाय माहीत?"

मला माहीत नव्हतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. मी ज्या नावासाठी माझं नाव सोडलं, ते नाव ताईंनाही असंच कुणासाठी तरी जागा करताना मिळालेलं होतं. एकीने सरकायचं, मग दुसरीने, आणि सगळ्यांनी हसून पेढे खायचे. मला संताप आला, आणि कुणावर काढावा हे कळेना.

त्याच दुपारी मी फॉर्म भरला. तांदळातलं नाव 'जुने नाव'मध्ये लिहिलं आणि जन्माचं 'नवीन नाव'मध्ये. पोराटोरांसारखं एकेक अक्षर सावकाश काढलं.

राजपत्र आलं, मग आधार, मग पुन्हा खात्याची जुळणी. रोज दुपारी मी मोबाइलवर खातं उघडून बघायचे. नाव बदललेलं असायचं आणि शून्य तसंच. दिवाळीला आठ दिवस राहिले होते. घरात चकलीची भाजणी पसरली होती, पिठाच्या हातानेच मी खातं उघडलं. अठ्ठ्याऐंशी होते. एकेका विषयाची ओळ होती, आणि त्यात कांद्याच्या मुळांच्या त्या प्रात्यक्षिकाचे दोन. मी पाटावर बसले आणि मनसोक्त रडले. मुलगी येऊन विचारू लागली, आई, भाजणी बिघडली का?

कॉलेजात मॅडमना कळवलं, त्यांनी प्रवेश पक्का झाल्याचं सांगितलं. मग ताईंना फोन केला. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी दाराबाहेर जाऊन शेजारणीला ओरडून सांगितलं. मला म्हणाल्या, "लय भारी काम केलंस." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "शाळंचे पन असतात का गं ते? मी नववीपर्यंत होते. दोन वर्षं पयला नंबर व्हता माझा."

नववीचे कुठे जमा नसतात, एवढं मला ठाऊक होतं. बाहेरून दहावीला बसता येतं, हेही ऐकलं होतं. पण त्याला शाळेचा दाखला लागतो, आणि दाखला ज्या नावाचा आहे ते नाव लागतं.

मी म्हटलं, "चौकशी करते, ताई. पण तुमचं शाळेतलं नाव सांगा आधी. पूर्ण."

फोन कट झाला असं वाटून मी स्क्रीन बघितली, तर तो चालू होता. मग ताईंनी नाव सांगितलं, त्यांचं, वडलांचं आणि आडनाव, आणि एवढं सांगताना त्यांना मध्ये एकदा थांबून आठवावं लागलं.