पंचफुलाबाईंच्या दानावरचं नाव

मरोद्याहून दुर्गच्या कोर्टकचेरीकडे अर्धा रस्ता संपला, तरी पंचफुलाबाई सावलीला एकदाही टेकल्या नव्हत्या.

"बसनं गेलो असतो की," मी म्हटलं.

"बसमधी बसून राहणं होत नाही वं माह्याच्यानं. चाललं तर जीव जाग्यावर राह्यते. तू थकली का? घे तुह्या देवाचं नाव अन् उचल पाय."

माझ्या देवावरून टोमणा मारल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे. धम्म घेऊन त्यांना सात वर्षं झाली होती, आणि शेजारी म्हणून माझी पूजेची घंटा रोज ऐकावी लागत होती.

त्यांचे यजमान टिकाराम नागपूरच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. ते गेल्यावर त्यांचं पायानं चालवायचं जुनं छापयंत्र बाईंनी नरहरीला दान दिलं. नरहरी इथे मजुरांसाठी साप्ताहिक काढायचा. आता दान म्हटलं की नाव आलंच. विहाराला दिलेल्या हंड्यावरही बाईंनी यजमानांचं नाव कोरून घेतलं होतं. तसंच प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर, मुद्रक-प्रकाशक नरहरीच्या नावाला लागूनच छापून यायचं: 'टिकाराम यांच्या स्मरणार्थ, पंचफुला'. ती ओळ मीच लिहून दिली होती. त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

मग बांधकामावरची भिंत पडून दोन रेजा, म्हणजे मजूर बाया, मेल्या. नरहरीनं बातमी छापली. ठेकेदारानं अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि समन्स नरहरी आणि बाई, दोघांच्या नावानं आलं. बाईंचा मुलगा सरकारी कारखान्यात. घरातून वर्तमानपत्र चालतं असं ठरलं, तर त्याची नोकरी आणि क्वार्टर दोन्ही धोक्यात.

काल ठेकेदाराचा माणूस सांगून गेला, "नरहरीला माफी छापायला लावा, फिर्यादीतून तुमचं नाव काढून घेतो."

बाईंचे वकील ते ऐकून म्हणाले, "यंत्र देणं गुन्हा नाही. एकाही बातमीत तुम्ही बोट घातलं नाही, हाच तुमचा बचाव. माफी छाप म्हणालात, की पेपर तुमच्या हुकमानं चालतो हे तुम्हीच कबूल केलंत. आणि ती ओळ राहिली, तर पुढचं समन्सही तुमच्याच दारात."

तेच त्या वाटभर घोळवत होत्या.

"भितीखाली मेली त्यातली एक माह्या वळखीची होती वं. पोरगं बी माहंच. चुकलं कोठी मंग? दान तं देल्लं न?"

"आमच्यात दानावर पाणी सोडतात, बाई. मग त्यावर आपलं काही राहत नाही."

"राहू दे तुमचं पाणी तुमच्यापाशी!"

फणकारून त्या पुढे गेल्या. वीस-पंचवीस पावलांवर थांबल्या, पदरानं तोंड पुसलं. मी जवळ पोचेपर्यंत माझ्याकडे पाहिलंच नाही.

"वसुंधरा, ते तूनंच लिवलं होतं न? मंग आता तूच चिठ्ठी लिव नरहरीले. पुढच्या अंकापासून ह्यायच्या नावाची ती ओळ काढून टाक म्हणा. माह्याच्यानं सांगणं होणार नाही. अन् बातमीबद्दल त्यात एक अक्षर बी नोको लिवू."