तिसरे दावे

त्र्याहत्तरच्या दुष्काळात, उन्हाळ्याच्या तोंडाशी, कडा गावाजवळच्या माळावर तालुक्याच्या सहकारी संघाने जनावरांची छावणी उघडली. संघाने चाऱ्यासाठी नगरकडून उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणावेत, टँकरने पाणी द्यावे आणि जनावरापाशी घरच्या माणसाने राहावे, अशी रीत ठरली. केशरबाईंचा मुलगा आणि सून मांजरसुंब्याकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, मुक्कामही तिकडेच. त्यामुळे बैलजोडी आणि गाभण गाय घेऊन केशरबाई नातीसह छावणीत राहायला आल्या. चार बांबूंवर गोधडी टाकली, तीन दगडांची चूल मांडली आणि पहिल्याच दिवशी शेजारणीला सांगितले, "माझ्या बैलाच्या तोंडचं वाढं तुझ्या म्हशीनं वढलं, तर म्हशीला न्हाई, तुला बोलंन."

छावणीत धाक होता तो मोजणीचा. सुरुवातीला काही मंडळींनी पाहुण्यांची गुरे आपली म्हणून दाखवली आणि दुप्पट चारा उचलला. तेव्हापासून संघाने नियम आवळला. मोजणी न सांगता होई. एका माणसाने दोनच दावी धरायची आणि माणूस घरचाच हवा. एक जरी जनावर धरणाऱ्याविना दिसले, तर त्या घराचे नाव कमी. मग सगळी जनावरे घेऊन उघड्या माळाला लागायचे. केशरबाईंच्या हातात दोन बैल असत आणि गाय नात शिवकन्येच्या हातात.

शिवकन्या सातवीत होती. तिची शिष्यवृत्तीची परीक्षा रविवारी कड्याला होती. ती मिळाली तरच पुढे हायस्कूल, हे बापाने खडी फोडायला जाताना स्पष्ट सांगितले होते. केशरबाईंनी छावणीप्रमुख सर्जेरावांना गाठले.

"सर्जेराव, रविवारची मोजणी तेवढी दिवस कलल्यावर घ्या. पोरगी परीक्षेला जायची हाय."

"तुमाला सांगून घेतली तर ती मोजणी कसली? उद्या सगळी छावणी मला मुहूर्त विचारंल."

"मंग पोरीनं काय करावं?"

"पुढच्या साली द्यावी. परीक्षा काय पळून जाती का?"

"परीक्षा न्हाई पळत. पुढच्या साली तुमीच याल, म्हनाल केशरबाई, पोरीला एक स्थळ हाय."

सर्जेराव हसले, पण शब्द त्यांनी दिला नाही.

सर्जेरावांचा मुलगा धर्मराज औरंगाबादला विद्यापीठात शिकत होता. पाण्यावाचून वसतिगृह बंद झाले आणि पोरे आपापल्या गावी पांगली. धर्मराजसोबत त्याच्या खोलीतला नबीलही आला होता. हा पॅलेस्टाइनचा मुलगा, उंच आणि अबोल. त्याला जायला गाव नव्हते, एवढेच छावणीला ठाऊक होते. तो सकाळ-संध्याकाळ वाढ्यांच्या पेंढ्या वाटायचा. निजामाच्या राज्यात वाढलेल्या केशरबाईंना त्याची मोडकी हिंदी अडचणीची वाटत नसे. त्या त्याच्याशी आपल्या बोलीत बोलत, आणि दोघांचे भागत असे.

त्या संध्याकाळी पेंढ्या टाकायला आलेल्या नबीलला शिवकन्येने मध्यस्थ केले. "भाऊ, तुमी सांगा आजीला, मला परीक्षेला धाड म्हनून. तुमी शिकल्यालं हायती."

नबीलने पेंढी खाली ठेवली. "मत जा," तो म्हणाला. "गिनती के दिन घर में रहना."

पोरीचे तोंड उतरले. केशरबाईंना राग आला. पोरगी जाणार नाही, हे त्यांच्याही मनात जवळपास ठरले होते. पण ते दुसऱ्याच्या तोंडून, आणि कॉलेजात शिकणाऱ्याच्या तोंडून ऐकणे त्यांना सोसवेना.

"सोता एवढा शिकला, आन पोरीची पाटी फोडायला निघाला व्हय रं?"

तो बसला. मग त्याने सांगितले ते असे.

त्याच्या आईबापांचे मूळ गाव तो जन्मायच्या आधीच्या लढाईत गेले. त्याचा जन्म छावणीतला, माणसांच्या छावणीतला. शाळा तंबूत भरे. मुले जास्त आणि तंबू कमी, म्हणून अर्धी मुले सकाळी येत आणि अर्धी दुपारी. वारा सुटला की मास्तर शिकवणे थांबवून खांब धरून उभे राहत, आणि मुले पाढे म्हणत राहत. नबील हुशार निघाला. आईने हातातल्या बांगड्या मोडून त्याला नदीपलीकडच्या मोठ्या शहरात, मामाकडे शिकायला पाठवले. तो तिकडे असतानाच दुसरी लढाई झाली आणि नदी ही सरहद्द झाली. जिंकलेल्या सरकारने छावणीत संचारबंदी लावून घरोघर माणसे मोजली. आई, बाप, बहिणी सगळी घरात होती. नबील नदीपलीकडे शाळेत होता. जो घरात सापडला तो तिथला ठरला. नबील कुठलाच राहिला नाही. त्यानंतर त्याला घरी जाता आले नव्हते.

"एक दिन घर में होता," तो म्हणाला, "तो आज भी होता."

केशरबाई काही वेळ बैलाच्या पाठीवरच्या गोमाश्या हाकत राहिल्या. रझाकाराच्या साली त्याही लेकरे काखोटीला मारून सरहद्द ओलांडून नगरच्या मुलखात गेल्या होत्या. घर लुटले गेले होते. पण काही महिन्यांनी परत आल्या, तेव्हा उंबऱ्यावर कोणी नाव विचारले नव्हते. या पोराचे त्यापेक्षा फार वेगळे होते.

"आई कागद धाडती का?"

धाडत होती. वर्षा-सहा महिन्यांनी, हातोहात फिरत एखादे पत्र पोचे.

"काय लिव्हती? तुला पाठिवलं ते चुकलं, आसं लिव्हती का कदी?"

नबीलने एकेक पत्र आठवून पाहिले. आईला लिहिता येत नव्हते, धाकटी बहीण लिहून देई. प्रत्येक पत्रात आई एकच विचारी, आता कितवीत आहेस. तो विद्यापीठात गेल्यावरही ती कितवीतच विचारत होती.

"नहीं," तो म्हणाला. "ऐसा कभी नहीं लिखा."

"मंग झालं तर," केशरबाई म्हणाल्या. "पोरगी जाईल. गायीचं दावं तू धर."

नबीलला वाटले, आपल्याला नीट कळले नाही. त्याने सर्जेरावांच्या तंबूकडे बोट केले. घर का आदमी होना, असा नियम त्यानेच लोकांना चार वेळा सांगितला होता.

"नेम मला ठावं हाय. रोज वाढं वाटतोस, गाय तुला वळखती. बाकी मी बघते."

रविवारी अंधारातच शिवकन्या शेजारच्या गावाच्या गाडीतून कड्याला गेली. केशरबाईंनी चूल पेटवली नाही. आपण जोडी पणाला लावली आहे, हे त्यांना उजाडल्यावर अधिकच जाणवू लागले. नाव कमी होऊन बैल चाऱ्यावाचून गेले आणि मुलाने विचारले, तर सांगायला काही नव्हते. ऊन चढले आणि पलीकडच्या रांगेतून हाक आली, "मोजणी."

सर्जेराव आणि मोजणीची वही घेतलेला धर्मराज रांगेने येत होते. केशरबाई दोन दावी धरून उभ्या होत्या. शेजारी नबील गायीचे दावे मुठीला दोनदा गुंडाळून ताठ उभा होता, जसा शाळेत कोणी उभा करावा.

सर्जेराव थांबले. "ह्यो हितं कावून?"

"गाय धराया."

"घरचा मानूस लागतो, केशरबाई. ह्यो तर माझ्या घरी जेवतो."

"जेवतो तुमच्याकडं. मोजा माझ्याकडं."

धर्मराजला हसू आले. बापाने पाहताच ते त्याने गिळले. आजूबाजूची दावी धरलेली माणसे इकडेच बघत होती. गेल्या आठवड्यात याच रांगेतले एक घर कमी झाले होते, आणि ते काम सर्जेरावांनीच केले होते.

"उद्या दुसरा कुनी म्हनंल, माझाबी असाच धरा," ते हळू आवाजात म्हणाले.

"म्हनू द्या. त्याला विचारा, घर हाय का. आसंल तर घरला लावा. ह्याला विचारा."

सर्जेरावांनी नबीलला विचारले नाही. त्यांनी गायीच्या पोटाकडे पाहिले, शिंगावर संघाने खुणेसाठी लावलेला लाल रंग पाहिला, मग धर्मराजकडे वळून म्हणाले, "केशरबाई. जनावरं तीन, मानसं दोन. लिव्ह."

"दुसऱ्याचं नाव?" धर्मराजने विचारले.

"जे हाय ते लिव्ह. अन् फुडं चल."

ते पुढच्या दावणीकडे गेले. केशरबाईंनी बैल खुंट्यांना बांधले. मग त्यांनी चूल पेटवली, भाकरीचे पीठ काढले, आणि वर बघतात तो नबील तसाच उभा.

"सोड की आता," त्या म्हणाल्या. "झाली मोजनी."

"हौ मावशी," तो म्हणाला, आणि दावे धरून उभाच राहिला. केशरबाईंनी पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि त्याला पुन्हा सांगितले नाही.